कुठंतरी पाणी मुरतंय

थर्टीफर्स्टच्या जेवणाची वाटणी होते तेव्हा सगळ्यात आधी बिर्याणी जाते, कारण ती फोनवरून मागवता येते. मग गोडाचं जातं. कोल्ड्रिंक आणि बर्फ तर जिना चढतानाच कुणीतरी पटकावतो. शेवटी माझ्यासारखा एखादा भिडस्त उरतो आणि त्याला सांगितलं जातं, ‘‘तू ते भाज्यांचं ताट कर ना, डिप-बिप घालून. त्यात काय, नुसतं चिरायचं तर आहे!’’

नुसतं चिरायचं. बिर्याणीचं बरं असतं, हंडीच्या पोटात काय गोंधळ आहे ते झाकण उघडेपर्यंत कुणाला कळत नाही. कच्च्या भाज्यांचं ताट टेबलावर उघडंवाघडं पडलेलं असतं. त्यात काय बिघडलंय ते दारातून येणाऱ्या आत्यालाही दिसतं आणि ती चप्पल काढता काढता विचारते, ‘‘हे शिजवायचं राहिलं का रे?’’

बिघडतं ते नेहमी पाण्यामुळे. भाजीतलं पाणी आत राहिलं पाहिजे, दह्यातलं बाहेर गेलं पाहिजे आणि धुतानाचं कुठेच राहता कामा नये. तिन्ही पाणी बरोबर उलट वागतात. पाण्याची वेळ सांभाळण्यात हयात गेलेल्या मुंबईकराला हे तरी जमायला हवं, पण नाही जमत.

आधी हिशेब. बारा माणसं असतील आणि मागून जेवण असेल, तर माणशी १०० ग्रॅम चिरलेली भाजी पुरते. म्हणजे सव्वा किलो. सालं, देठ, बिया जाऊन सव्वा किलो उरायला पावणेदोन किलो आणावी लागते. डिप माणशी ५० ग्रॅम लागतं असा अंदाज धरतात, पण आपली माणसं काकडीच्या तुकड्याने डिप पिठल्यासारखं ओढतात, तेव्हा ८० धरा आणि एक किलो करा.

भाजी दादरला मिळते, भायखळ्याला मिळते. क्रॉफर्ड मार्केटला गेलात तर पिवळी सिमला मिरची आणि चेरी टोमॅटो आरशासारखे चमकत असतात आणि भावही त्या चकाकीला साजेसा असतो. डिसेंबरात लाल दिल्ली गाजरं रस्त्यावर ढिगाने येतात आणि मोह होतो. ती हलव्याची. रसाळ असतात, पण मोठ्या गाजराच्या मधला दांडा चिवट लागतो आणि काड्या लवकर लुळ्या पडतात. ताटाला नारिंगी, मध्यम जाडीची घ्यावीत. पाकिटातली ‘बेबी’ गाजरं घेऊन वेळ वाचवू म्हणाल, तर ती बाळं बऱ्याचदा बाळं नसतातच. कॅलिफोर्नियातल्या माइक युरोसेक नावाच्या शेतकऱ्याने १९८६ साली वाकडी, मोडकी गाजरं फुकट जाऊ नयेत म्हणून ती कापून, तासून ही गुळगुळीत बोटं काढली. मोठी गाजरंच ती, दाढी करून आलेली.

आता चिरणं. परदेशी पुस्तकात काडी ८ ते १० सेंटिमीटरची सांगतात. आपल्याकडे ती घोडचूक आहे, कारण एवढी काडी एका घासात जात नाही. माणूस अर्धी खातो आणि उरलेली पुन्हा डिपमध्ये बुडवतो. उष्टं! पुढची दहा मिनिटं मावशीचं सगळं लक्ष त्या वाटीवर, आणि मग त्या वाटीला कुणी हात लावत नाही. म्हणून काडी बोटाच्या दोन पेरांएवढी, ५ सेंटिमीटर, जाडी एक सेंटिमीटर. याहून बारीक केली तर घट्ट डिपमध्ये मोडते. उष्ट्यावरचा दुसरा उपाय माझ्या मते सगळ्यात नामी: कटिंग चहाचे छोटे काचेचे ग्लास घ्यायचे, प्रत्येकाच्या तळाशी दोन चमचे डिप आणि त्यात चार-पाच काड्या उभ्या. ज्याचा त्याचा ग्लास, ज्याचं त्याचं उष्टं.

काकडीची देठाकडची दोन बोटं कापून टाकायची आणि मग चव घ्यायची. टोक घासून फेस काढण्याचा विधी घरोघरी चालतो, त्याने मनाचं समाधान होतं. कडूपणा बहुतेक देठाशी आणि सालीलगत असतो, त्यामुळे काम कापण्यानेच होतं. काकडी उभी चार फाकांत चिरून मधल्या बिया चमच्याने खरवडा, तिथेच सगळं पाणी दडलेलं असतं. फ्लॉवरच्या तुऱ्यावर सुरी चालवली की ओट्यावर रवा सांडल्यासारखा चुरा होतो. फक्त दांड्याला चीर द्या आणि तुरा हाताने फाडा, अख्खा सुटतो. मुळा शेवटी, आणि वेगळ्या घट्ट डब्यात. नाहीतर फ्रीज उघडला की घरात नक्की काय घडलं यावर पाहुण्यांत चर्चा सुरू होते. बीट घ्यायचं असेल तर त्याला स्वतःची वाटी द्या. ते शेजाऱ्याला रंगवल्याशिवाय राहत नाही. फ्लॉवर गुलाबी होतो आणि दह्याचं डिप डोहाळजेवणाला निघाल्यासारखं दिसतं.

चिरलेली गाजरं आदल्या रात्री गार पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी कडक राहतात. लुळी पडलेलीसुद्धा बर्फाच्या पाण्यात अर्ध्या तासात ताठ होतात, पेशी पाणी ओढून फुगतात म्हणून. ‘जरा चव येईल’ म्हणून त्या पाण्यात मीठ टाकलंत की उलटं: मीठ पाणी बाहेर खेचतं आणि सकाळी डब्यात चपलेच्या पट्ट्या मिळतात. ताट लावल्यावरही वर ओलसर पंचा हवा. डोक्यावर पंखा फिरत असला तर अर्ध्या तासात गाजर पांढुरकं पडतं आणि पाहुण्यांना वाटतं, कालचं आहे.

ब्रोकोली कच्ची कुणी आवडीने खात असेल यावर माझा विश्वास नाही. आधी तिला हळद-मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवा, आत हिरव्या अळ्या हिरव्या रंगाचा फायदा घेऊन बसलेल्या असू शकतात. मग पाव किलोला दोन लिटर पाणी खळखळ उकळून, झाकण न ठेवता, एक मिनिट. फरसबीला दोन. झाकण ठेवलं की भाजीतून निघणारं आम्ल आतच राहतं आणि हिरवा रंग पोलिसांच्या जुन्या गाडीसारखा मळकट होतो. काढल्याबरोबर बर्फाच्या पाण्यात. आणि मग खरी गोम: तुरे डोकं खाली करून फडक्यावर अर्धा तास ठेवायचे. ब्रोकोलीचा तुरा म्हणजे छत्री नव्हे, स्पंज. सरळ ठेवलात तर तास-दीड तास ती पाणी धरून बसते आणि नेमकी ताटात सोडते.

डिपचा पाया चक्का. एक किलो घट्ट सायीचं दही पंच्यात बांधून टांगलं की सहा ते आठ तासांत ४०० ते ५०० ग्रॅम चक्का मिळतो. मुंबईच्या दमट हवेत ते नळाला टांगून झोपलात तर सकाळी आंबट चक्क्याचे धनी तुम्हीच. चाळणीत ठेवून, खाली पातेलं घेऊन फ्रीजमध्येच निथळवा. दोन गोष्टी मात्र करू नका. चक्का मिक्सरमधून फिरवू नका; पात्यांनी त्याची वीण तुटते आणि रात्रभर काढलेलं पाणी परत आल्यासारखं पातळ होतं. चमच्याने घोटा. आणि मीठ आधीपासून घालू नका; डिप वाढायच्या अर्धा तास आधी घाला, कारण मीठ इथेही पाणी सोडायला लावतं. काकडी किसून घालणार असाल तर ती आधी मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि मुठीत पिळा. पाव किलो काकडीतून अर्धी वाटी पाणी सहज निघतं. न पिळता घातली तर होते ती कोशिंबीर. ती पानात डावीकडे शोभते, ग्लासात नाही.

कच्चा लसूण ही डिपमधली दुसरी दुर्घटना. संध्याकाळी दोन पाकळ्या बेताच्या वाटतात, सकाळपर्यंत त्या मालक होऊन बसलेल्या असतात. ४०० ग्रॅमला अर्धी पाकळी, तीही ठेचून लिंबाच्या रसात दहा मिनिटं ठेवलेली, म्हणजे तिचा दात बोथट होतो.

हमस, म्हणजे चण्याचं डिप, करायचं तर २०० ग्रॅम काबुली चणे रात्रभर भिजवून, अर्धा चमचा खायचा सोडा घालून, बोटांत लोण्यासारखे चिरडले जाईपर्यंत शिजवा. शिट्ट्या मोजू नका, प्रत्येक कुकरचा स्वभाव वेगळा. चार चमचे तिळाचं वाटण, दोन लिंबं आणि वाटताना दोन बर्फाचे खडे, त्याने ते पांढरं आणि हलकं होतं. तीळ मंद आचेवर नुसते गरम करा. तिळगुळासारखे खमंग भाजलेत की हमस कडवट.

एवढं सगळं केल्यावर संपतं कोणतं? ठेच्याचं. दहा हिरव्या मिरच्या, सहा लसूण पाकळ्या, दोन चमचे शेंगदाणे तव्यावर तेलात डाग पडेपर्यंत परतायचे, मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटायचे आणि त्यातले दोन चमचे २०० ग्रॅम चक्क्यात. परतल्यामुळे लसूण सरळ होतो आणि पाणी सोडायला काही उरत नाही. आत्या हमसला ‘चण्याचं काहीतरी’ म्हणते आणि ठेच्याच्या वाटीपाशी खुर्ची ओढून बसते.

मांडणीत लोकांना नाताळचं झाड हवं असतं. ४० सेंटिमीटरच्या थाळीत आधी हमसचा अर्धा सेंटिमीटर थर त्रिकोणात थापा, तोच डिंकाचं काम करतो. त्यावर दोन गड्ड्यांची ब्रोकोली दाटीने, अधूनमधून पंधरा चेरी टोमॅटो, खाली गाजराच्या काड्यांचं खोड, शेंड्याला पिवळ्या सिमला मिरचीतून कापलेली चांदणी. चांदण्या दोन जास्त कापून ठेवा. पहिली फोटोच्या आधीच कुणाचं तरी पोरगं खातं, दुसरी ती मागून रडणाऱ्या पोराला द्यावी लागते. दह्याची डिप दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको. वाटी बर्फाच्या परातीत बसवा. बर्फ वितळून परातीतलं पाणी वाटीत शिरणार नाही एवढं बघा, नाहीतर रात्रभर निथळवलं ते कशाला!

डिप संपतात, भाज्या उरतात. दरवर्षी हेच होतं. १ जानेवारीला संध्याकाळी ते अख्खं झाड, खोडासकट, कुकरमध्ये जातं आणि पावभाजी होते. फक्त तव्यावर रगडताना ती फार कोरडी पडते, मसाला खाली लागायला लागतो, आणि मग वाटीने मोजून पाणी घालावं लागतं.