*३३७०# दाबून आई सापडत नाही
पाऊस सुरू झाला की तो मेसेज न चुकता येतो. यंदा आमच्या गावकीच्या ग्रुपवर दोनदा आला: ‘नेटवर्क गेलं तरी घाबरू नका! ११२ थेट सॅटेलाइटवरून लागतो. बॅटरी संपत आली तर *३३७०# दाबा, ५० टक्के राखीव बॅटरी सुरू होईल. जीपीएस चालू ठेवा, घरच्यांना तुम्ही दिसत राहाल. आणि फोन लावत राहा, कधीतरी लागतोच.’ खाली जोडलेले हात.

११२ बद्दल त्यात अर्धं खरं आहे. तुमच्या कंपनीचा टॉवर आडवा झाला आणि दुसऱ्या कंपनीचा उभा असला, तर आणीबाणीचा कॉल त्यावरून जाऊ शकतो. एकही टॉवर चालू नसेल तर ११२ सुद्धा मुका. सॅटेलाइटचा इथे काही संबंध नाही. शिवाय ११२ वर पोलीस, अग्निशमन, अँब्युलन्स मिळते, आई नाही. मात्र मोठ्या आपत्तीत सरकार कंपन्यांना एकमेकांचे टॉवर सगळ्या ग्राहकांना खुले करायला सांगतं. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्कचं ‘ऑटोमॅटिक’ काढावं आणि जे दिसेल ते हाताने निवडून बघावं. एवढी कामाची गोष्ट, पण त्या मेसेजात तिचा पत्ता नाही.

*३३७०# ची तर गंमतच आहे. जुन्या नोकियाच्या काही मॉडेलांत हा कोड खरोखर होता. त्याने आवाज सुधारायचा आणि बॅटरी उलट लवकर उतरायची! राखीव बॅटरी कुठल्याच मोबाइलात लपवलेली नसते.

जीपीएस उपग्रहांचं नुसतं ऐकतो. तुम्ही कुठे आहात ते तुमच्या फोनला कळलं, तरी घरी कळवायला नेटवर्क लागतंच.

आणि ‘लावत राहा’? चारही सल्ल्यांत हाच सगळ्यात वाईट. रेंज शोधताना फोन बॅटरी खातो, आणि जो एखादा टॉवर जनरेटरवर तग धरून असतो त्याच्यावर अख्खा तालुका एकदम तुटून पडतो. त्यापेक्षा एक साधा एसएमएस टाकावा: ‘सगळे ठीक, शाळेत आहोत.’ तो इवलीशी जागा घेतो, आणि समोरचा फोन रेंजबाहेर असला तर कंपनीकडे थांबून राहतो, नंतर पुन्हा पोचवायचा प्रयत्न होतो. कॉल असा थांबत नाही. (व्हॉट्सअ‍ॅपला डेटा लागतो, म्हणून म्हटलं साधा.)

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा आई श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या गावी आणि मी मुंबईत, लॉकडाऊनमध्ये अडकलेलो. दुपारपासून गावातला एकही फोन लागेना. मीही तेव्हा वेड्यासारखा लावतच होतो. तिसऱ्या दिवशी निरोप आला तो असा: चुलतभाऊ शेजाऱ्याचा चार्ज असलेला एकमेव फोन खिशात घालून, पडलेल्या पोफळी ओलांडत मोटरसायकलने घाटातल्या रेंजच्या वळणावर गेला. हातात वहीचं पान. त्यावर वाडीतल्या प्रत्येक घराचं नाव, पुढे मुंबईचा एक नंबर आणि दोन शब्द: ‘कौलं गेली’, ‘माणसं बरी’. तिथे उभं राहून त्याने एकेक नंबर फिरवला.

आमच्या नावापुढचा नंबर मात्र लागला नाही. सगळे नंबर आईच्या मोबाइलात आणि मोबाइल बंद, म्हणून तिने तोंडपाठ होता तो सांगितला: आमची लँडलाइन. ती आम्ही २०१६ साली काढून टाकली होती. मग त्याने त्याला स्वतःला पाठ असलेला एकच नंबर लावला, पुण्याच्या आत्याचा. मला फोन आला तो तिचा.