पिंक फ्लॉइड दोघांचा बँड नव्हता

जुलै उजाडला की तो फोटो पुन्हा फिरायला लागतो. लंडनचं हाइड पार्क, २ जुलै २००५, गरिबीविरोधातल्या 'लाइव्ह ८' या कार्यक्रमाची रात्र. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचे चौघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे आहेत. फोटोखालचा मजकूरही ठरलेला असतो: रॉजर वॉटर्स म्हणजेच पिंक फ्लॉइड, डेव्हिड गिलमरनं त्याला बाहेर काढलं आणि बँडचं नाव बळकावलं, लाइव्ह ८ मध्ये दिलजमाई झाली होती, पण गिलमरचा अहंकार आडवा आला, त्यानंतर दोघं कधीच एका मंचावर आले नाहीत, मुळात सगळं भांडण पैशाचं, आणि दोघंही अजून आहेत, तेव्हा मनात आणलं तर उद्याही जमेल.

हा मजकूर मला गेल्या काही वर्षांत इतक्यांनी पाठवलाय, आणि इतक्या आपुलकीनं, की एकदा सविस्तर उत्तर द्यावंसं वाटलं. पाठवणारे माझ्यासारखेच या संगीतावर जीव असलेले लोक आहेत. पण मजकुरातलं जवळपास प्रत्येक विधान चुकीचं किंवा अर्धवट आहे. आणि त्यात एक नाव कधीच नसतं, याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

आधी "बाहेर काढलं" हे घेऊ. वॉटर्सला कोणी काढलं नाही. डिसेंबर १९८५ मध्ये त्यानं स्वतः रेकॉर्ड कंपन्यांना पत्र लिहून आपण बँड सोडत असल्याचं कळवलं. सोडलं नसतं तर करारांच्या कचाट्यात आपण आर्थिकदृष्ट्या संपलो असतो, असं त्याचं म्हणणं आहे, आणि ते त्याच्या बाजूनं मांडायलाच हवं. पण पुढच्या वर्षी तो कोर्टात गेला तो आपला वाटा मागायला नव्हे. पिंक फ्लॉइड हे नाव यापुढे कोणीच वापरू नये, बँडची सर्जनशक्ती संपलेली आहे, असा त्याचा दावा होता. आपल्याकडे या भांडणाला सर्रास भाऊबंदकी म्हणतात, पण भाऊबंदकीत घराची वाटणी मागतात. इथे घर सोडून निघालेला भाऊ म्हणत होता, मी नाही तर घरालाच कुलूप लावा. मागे राहिलेल्यांनी कुलूप लावू दिलं नाही, याला बळकावणं म्हणता येत नाही.

डिसेंबर १९८७ मध्ये, थेम्स नदीवरच्या गिलमरच्या 'अस्टोरिया' या बोटीवर बसून दोघांनी ते मिटवलं. गिटारवादक गिलमर आणि ड्रमर निक मेसनकडे नाव राहिलं. वॉटर्सला 'द वॉल' या अल्बमच्या संकल्पनेचे हक्क मिळाले, कार्यक्रमांत तरंगणाऱ्या त्या प्रसिद्ध फुगवलेल्या डुकराचेही. २०१३ मध्ये वॉटर्सनं बीबीसीच्या मुलाखतीत मान्य केलं की तो दावा लावणं ही आपली चूक होती. ज्याच्यावर अन्याय झाला म्हणून हा मजकूर गळा काढतो, त्यानंच हे सांगून टाकलंय.

बँडमधून ज्याला खरोखर काढलं गेलं तो वेगळा होता. तो म्हणजे की-बोर्डवादक रिक राइट.

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं इथूनच सुरू होतं. वॉटर्स, मेसन आणि राइट लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये वास्तुशास्त्र शिकताना एकत्र आले. बँडचा पहिला मुख्य गायक आणि गीतकार सिड बॅरेट नंतर आला, गिलमर तर त्याच्याही नंतर, १९६८ च्या सुरुवातीला. म्हणजे राइट पहिल्या दिवसापासूनचा. 'डार्क साइड ऑफ द मून' या अल्बममधलं 'द ग्रेट गिग इन द स्काय' त्याच्या पियानोवर उभं आहे; 'अस अँड देम'ची चालही त्याचीच. पण १९७७ च्या 'ॲनिमल्स'वर रचनाकार म्हणून त्याचं नाव एकदाही नाही. १९७९ मध्ये 'द वॉल'चं काम चाललं होतं तेव्हा बँड पैशाच्या मोठ्या अडचणीत होता. नॉर्टन वॉरबर्ग या कंपनीकडे गुंतवलेले लाखो पाऊंड बुडाले होते, करामुळे चौघांनाही वर्षभर ब्रिटनबाहेर राहावं लागत होतं. अल्बम लवकर हवा म्हणून राइटनं सुट्टी सोडून यावं असं ठरलं. मुलांसोबतची सुट्टी सोडायला तो तयार झाला नाही. वॉटर्सनं अट घातली: राइट जाणार. आणि तो गेला. बाकीच्या दोघांनी जोर लावून ते थांबवलं नाही, ही गोष्टही इथे लिहून ठेवली पाहिजे. गिलमरची बाजू घ्यायला मी हे लिहीत नाहीये.

नंतर 'द वॉल'चे ३१ कार्यक्रम चार शहरांत झाले आणि त्यांत राइट पगारी वादक म्हणून वाजवायला बसला. मंचावर उभारायच्या त्या अवाढव्य भिंतीचा खर्च इतका होता की दौरा तोट्यात गेला, तो मालक असलेल्या तिघांच्या खिशातून. पगार घेणाऱ्या राइटच्याच हातात पैसे राहिले. लोक हा किस्सा गंमत म्हणून सांगतात. मला त्यात गंमत दिसत नाही. आपल्याच बँडमध्ये रोजंदारीवर बसलेल्या माणसाची ती गोष्ट आहे.

"वॉटर्स म्हणजेच पिंक फ्लॉइड" याचं उत्तरही इथेच आहे. शब्द त्याचे, कल्पना त्याच्या, ते मी कधीच नाकारणार नाही. 'द वॉल'सारखं काही दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं. पण त्याच अल्बममधलं लोकांच्या काळजात बसलेलं गाणं, 'कम्फर्टेबली नंब', त्याचं संगीत गिलमरचं आहे. आणि एकट्या वॉटर्सच्या हुकमावर चाललेला बँड कसा वाजतो हे ऐकायचं असेल तर १९८३ चा 'द फायनल कट' आहेच. राइट नाही, गिलमरचं नाव निर्मात्यांच्या यादीतून काढलेलं, आणि वेष्टनावर स्वच्छ लिहिलेलं की ही रॉजर वॉटर्सची रचना असून पिंक फ्लॉइडनं ती सादर केली आहे.

आता लाइव्ह ८. दिलजमाई झाली होती का? कार्यक्रमाचा आयोजक बॉब गेल्डॉफनं मध्यस्थी केली, वॉटर्सनं गिलमरला फोन केला, चौघं आले, वीसेक मिनिटांत चार गाणी झाली. ते प्रक्षेपण मी पाहिलंय, अजूनही पाहते, आणि प्रत्येक वेळी घसा दाटतो. पण त्या वीस मिनिटांआधी तालमी होत्या. त्या तालमींतच आपल्याला कळून चुकलं की हे पुन्हा करायचं नाही, असं गिलमरनं नंतर सांगितलं. वॉटर्सचं म्हणणंही लक्षात घेण्यासारखं आहे: या एका कार्यक्रमापुरतं पडतं घ्यायचं, असं त्यानं ठरवलं होतं. एका रात्रीपुरतं कोणीही पडतं घेऊ शकतं. शंभर रात्रींचा दौरा तसा होत नाही. गाणी कोणती, क्रम कोणता, शेवटचा शब्द कोणाचा, हे रोज ठरवावं लागतं, आणि या बँडचं घोडं १९७९ पासून नेमकं तिथेच अडलेलं होतं. त्या वेळी गिलमर साठीला आला होता, स्वतःचा अल्बम घेऊन राइटसोबत दौऱ्यावर निघायच्या तयारीत होता. ज्या खोलीत वीस वर्षांपूर्वी श्वास कोंडला तिथे परत जायला त्यानं नकार दिला. त्याला अहंकार हे नाव मला देववत नाही.

"सगळं पैशासाठी" हे विधान तर याच ठिकाणी कोसळतं. लाइव्ह ८ नंतर अमेरिकेच्या दौऱ्यासाठी कोट्यवधींचे देकार आल्याच्या बातम्या जगभर छापून आल्या. दौरा झाला नाही. उलट त्या कार्यक्रमामुळे जुन्या अल्बमचा खप वाढला, तेव्हा त्यातला नफा दान करणार असल्याचं गिलमरनं जाहीर केलं.

"पण शेवटी २०२४ मध्ये सोनीला विकलंच ना," असं लगेच ऐकायला मिळतं. विकले, जुन्या रेकॉर्डिंगचे हक्क, सुमारे ४० कोटी डॉलरना, असं छापून आलं. पण त्यामागचं कारण बघा. जुन्या रेकॉर्डिंगचं काहीही करायचं तर या लोकांची आपसात सहमती लागायची. 'ॲनिमल्स'चं नवं ध्वनिमिश्रण तयार होऊन पडलं होतं. सोबतच्या माहितीलेखावरून वॉटर्स आणि गिलमरचं बिनसलं आणि ते बाहेर यायला २०२२ उजाडलं. निर्णयांच्या या कटकटीतून आणि वादांतून सुटायचं होतं, असं गिलमरनं विक्रीनंतर मोकळेपणानं सांगितलं. गावाकडे सामाईक विहिरीवरून पिढ्यान्‌पिढ्या झालेली भांडणं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ती विहीर विकून टाकणाऱ्याची सुटका समजेल.

"त्यानंतर कधीच एका मंचावर आले नाहीत" हे सरळ खोटं आहे. १० जुलै २०१० रोजी ऑक्सफर्डशायरमध्ये पॅलेस्टिनी मुलांसाठीच्या निधिसंकलनात वॉटर्स आणि गिलमर थोड्याच लोकांसमोर एकत्र गायले. त्याची परतफेड म्हणून १२ मे २०११ ला लंडनच्या ओटू अरीनात, वॉटर्सच्या 'द वॉल'च्या प्रयोगात, गिलमर त्या भिंतीवर उभा राहिला आणि त्यानं 'कम्फर्टेबली नंब' वाजवलं. शेवटच्या गाण्याला मेसनही आला. २०१९ मध्ये न्यूयॉर्कला मेसनच्या बँडसोबत वॉटर्स अचानक गाऊन गेला. जाहिरात नाही, तिकिटांचा बाजार नाही, म्हणून ही नोंद लोकांच्या ध्यानात राहत नाही.

हुकलेल्या भेटी मात्र खऱ्या आहेत, आणि त्यांतली एकही या मजकुरात नसते. १९९४ च्या दौऱ्यात यायचं आमंत्रण वॉटर्सला होतं; त्यानं नाकारलं. जानेवारी १९९६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा सन्मान झाला, वॉटर्स आला नाही. गिलमर आणि राइटनं एक गाणं वाजवलं. नोव्हेंबर २००५ मध्ये, लाइव्ह ८ ला पाच महिनेही झाले नव्हते, तेव्हा ब्रिटनमधल्या तशाच सन्मानाला गिलमर आणि मेसन होते, वॉटर्स रोमहून पडद्यावर दिसला, राइट डोळ्यांच्या शस्त्रक्रियेमुळे रुग्णालयात. आणि मग १० मे २००७. लंडनच्या बार्बिकनमध्ये सिड बॅरेटच्या आठवणीत कार्यक्रम होता. सिड आदल्या जुलैत गेला होता. वॉटर्स आला, आपलं गाणं गायला. त्याच संध्याकाळी, त्याच मंचावर नंतर गिलमर, राइट आणि मेसन आले आणि त्यांनी सिडचं 'अर्नल्ड लेन' वाजवलं. चौघं एकाच छपराखाली होते, ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं त्याच्यासाठी जमले होते, आणि तरी एकत्र उभे राहिले नाहीत. हाइड पार्कच्या फोटोपेक्षा ही संध्याकाळ मला या बँडबद्दल जास्त सांगते.

त्याच वर्षी फेब्रुवारीत वॉटर्स मुंबईत येऊन गेला होता. वांद्र्याच्या एमएमआरडीए मैदानावर त्यानं अख्खं 'डार्क साइड' सादर केलं. मी तिथे होते. आजूबाजूला जो तो म्हणत होता, आज गिलमर हवा होता. 'द ग्रेट गिग' सुरू झालं, तो पियानो वाजला, आणि आज राइट हवा होता असं कोणी म्हणालं नाही. मीही म्हणाले नाही. तेव्हा तो हयात होता.

१५ सप्टेंबर २००८ ला तो कर्करोगानं गेला.

म्हणून "दोघंही अजून आहेत, उद्याही जमेल" हे वाक्य वाचलं की मला राहवत नाही. वॉटर्स आणि गिलमरमध्ये आज जे आहे ते जुन्या भांडणाच्या पलीकडे गेलंय. २०२२ मध्ये गिलमर आणि मेसननं युक्रेनसाठी पिंक फ्लॉइडच्या नावानं गाणं काढलं, त्यात की-बोर्डवर नितीन साहनी होता; वॉटर्सची त्या युद्धावरची मतं अगदी वेगळी. २०२३ च्या फेब्रुवारीत गिलमरची पत्नी पॉली सॅमसन हिनं वॉटर्सवर जाहीरपणे ज्यूद्वेषाचे आणि पुतिनची तळी उचलल्याचे आरोप केले, गिलमरनं तिला दुजोरा दिला, वॉटर्सनं सगळं फेटाळलं. हे मिटेल की नाही यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. समजा, उद्या मिटलं. तरी जे उभे राहतील ते दोन म्हातारे मित्र असतील, फार तर मेसन धरून तिघं. तो बँड नसेल. राइटशिवाय पिंक फ्लॉइड म्हणून दौरा करणं बरोबर होणार नाही, असं गिलमरनं वारंवार सांगितलंय. लोक त्याला सबब समजतात.

मला ती सबब वाटत नाही, याचं कारण 'एकोज'. १९७१ चं हे वीस मिनिटांहून मोठं गाणं राइटच्या पियानोच्या एका टिपेनं सुरू होतं, पाण्यात थेंब पडावा तशी. त्यात गिलमर आणि राइट दोघं मिळून गातात. २००६ च्या दौऱ्यात, पोलंडमध्ये ग्दान्स्कच्या गोदीतही, दोघांनी ते वाजवलं. राइट गेल्यावर गिलमरनं ते बंद केलं. जुलै २०१६ मध्ये तो पाँपेईच्या त्याच प्राचीन रंगभूमीवर परतला, जिथे १९७१ मध्ये चौघांनी रिकाम्या दगडी पायऱ्यांसमोर 'एकोज' वाजवलं होतं. या वेळी पायऱ्यांसमोर माणसं होती, आणि त्यांतल्या कित्येकांना त्या एका टिपेची आस असणार. राइटचं 'द ग्रेट गिग' त्यानं त्या रात्री घेतलं. 'एकोज' वाजलं नाही.