आधी इन्फेक्शन कुठलं ते तर कळू दे

ताप आला की आपण चारचौघात सांगतो. 'खाली खाज सुटलीये' हे मात्र सख्ख्या बहिणीलासुद्धा दार लोटून सांगतो. घरगुती उपाय असेच बंद दाराआड एकीकडून दुसरीकडे जातात, त्यामुळे कुणाला त्रास झाला तर तेही बाहेर येत नाही. म्हणून माझं सांगते.

काही वर्षांपूर्वी अंगावरून पांढरं जायला लागलं. पातळ, करडट, आणि त्याला वास. मैत्रीण म्हणाली, फंगल आहे, लसणाची पाकळी सोलून, दोरा बांधून रात्रभर आत ठेव. ठेवली. पहाटे जाग आली तर तोंडात लसणाची चव (हो, खरंच) आणि खाली नुसती आग. मग दही लावून पाहिलं. गार वाटलं, म्हणून बरंही वाटलं. चार दिवसांनी वास होता तिथेच.

शेवटी डॉक्टरकडे गेले. काय काय लावलंस विचारल्यावर मी यादी सांगितली, लसूण अगदी शेवटी, पुटपुटत. त्या हसल्या नाहीत. आम्लता मोजणारी कागदाची एक पिवळी पट्टी आतल्या स्रावाला लावली, ती हिरवट झाली. थोडा स्राव काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहिला. फंगल नव्हतंच! बॅक्टेरियल व्हजायनोसिस होतं, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडला होता. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या, सात दिवस.

माझा राग लसणावर नाही. प्रयोगशाळेत लसणाच्या अर्काने कँडिडा ही बुरशी मरते, हे खरं आहे. पण काचेच्या बशीला आतली त्वचा नसते, ती भाजत नाही. आणि मला तर बुरशी झालेलीच नव्हती. 2002 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 'मला फंगल झालंय' असं स्वतःच ठरवून दुकानातून औषध घेणाऱ्या 95 बायका तपासल्या, त्यात फक्त फंगल निघालं साधारण तिघींतल्या एकीला. म्हणजे चुकलेली मी एकटी नव्हते.

फंगलमध्ये खाज जास्त, स्राव फाटलेल्या दुधासारखा, वास जवळजवळ नाही. व्हजायनोसिसमध्ये माशासारखा वास, संबंधानंतर जास्तच. ट्रायकोमोनास या परजीवीच्या इन्फेक्शनमध्ये स्राव पिवळट-हिरवट, फेसाळ. तो संबंधातून पसरतो, म्हणून जोडीदारालाही औषध लागतं. पण ही पुस्तकातली चित्रं. प्रत्यक्षात लक्षणं एकमेकांत मिसळतात, कधी दोन इन्फेक्शन एकदमही असतात. तेव्हा हे वाचून परत घरीच निदान करू नका, एवढं ऐका.

दह्याबद्दल हमखास विचारतात. निरोगी योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जिवाणू असतात, ते लॅक्टिक ॲसिड तयार करतात आणि पीएच (आम्लतेचं माप) 3.8 ते 4.5, म्हणजे आम्ल बाजूला ठेवतात. दह्यातले जिवाणू त्यांचे भाऊबंद असले तरी ते नव्हेत. ते तिथे मुक्काम करत नाहीत. दही खा, खुशाल खा.

व्हिनेगर, सोडा, जंतुनाशक द्रव, 'आतून स्वच्छ' करणारे वॉश, या सगळ्यांवर मात्र माझी फुली. आतून धुतल्याने चांगले जिवाणूच वाहून जातात, आणि आत धुणाऱ्या बायकांमध्ये व्हजायनोसिस जास्त आढळतो. बाहेरून साधं पाणी पुरतं. टी ट्री ऑइल तर आत नकोच. बोरिक ॲसिड काही हट्टी इन्फेक्शनमध्ये डॉक्टर स्वतः देतात, पण ते पोटात गेलं तर विष आहे आणि गरोदरपणात चालत नाही. पावडर आणून घरी कॅप्सूल भरणाऱ्यांना खरंच हात जोडते.

गरोदर असाल, ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल, रक्त दिसत असेल, तर एक दिवसही घरी काढू नका. फंगल वर्षातून तीन-चारदा होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या.

'डॉक्टर तरी कुठे नीट बघतात?' हेही मान्य. मला आधी एकांनी न तपासताच, टेबलापलीकडून फंगलची क्रीम लिहून दिली होती. तोही अंदाजच, फक्त लेटरहेडवरचा. दुसऱ्या डॉक्टर शोधल्या. आता मी सरळ विचारते, 'स्राव तपासणार ना?'

गोळ्या संपल्यावर त्या मैत्रिणीला फोन करून सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, लसणाने माझंही कुठे गेलंय अजून."