पिंजऱ्यावर काठी वाजवणाऱ्या गृहस्थांना

आज परभणीहून जिंतूरला जाताना एका ढाब्यावर चहाला थांबलो. गल्ल्याशेजारी पिंजरा टांगलेला, आत राघू. एक चांगले शिकलेसवरलेले गृहस्थ गजांवर काठी खडखडवत होते. "बोल की रे, बोल!" दुसऱ्या हातात मोबाईल, व्हिडिओ चालू. म्हटलं, अहो, घाबरलाय तो. तर म्हणे, "त्याला काय कळतंय साहेब? नुसता आवाज काढतो." तेव्हापासून डोकं फिरलंय.

काय कळतंय? आमच्या आज्जीला विचारायला पाहिजे होतं. लिंबाखाली पडलेलं राघूचं पिल्लू तिनं जगवलं होतं. घरात मोकळा फिरायचा, पिंजरा नाहीच. "मिरची दे" म्हणायचा. डाळ दिली की चोचीनं उडवून लावायचा अन् पुन्हा "मिरची दे". आज्जी हसायची, "मागितलं ते द्या की त्याला!"

अमेरिकेतल्या आयरीन पेपरबर्ग बाईंनी हेच जगाला दाखवलं. बाई हार्वर्डच्या, पीएचडी रसायनशास्त्रातली. 1977 साली शिकागोकडच्या एका दुकानातून करडा आफ्रिकन पोपट घेतला, अ‍ॅलेक्स. त्याच्यासमोर दोन माणसं बसायची. एक विचारणार, दुसरा उत्तर देऊन ती वस्तू मिळवणार. बघूनबघून हाही चढाओढीत उतरायचा. रंग सांगायचा, आकार सांगायचा, सहापर्यंत मोजायचा. दोन वस्तू दाखवून "वेगळं काय?" विचारलं आणि वेगळं काहीच नसलं, तर तसंही सांगायचा. केळं मागितल्यावर दाणा दिला तर गप्प बघत राहायचा, नाहीतर दाणा फेकून पुन्हा केळंच मागायचा. वाचताना मला आमच्या ओसरीवरची डाळ दिसली.

आता कुणी म्हणेल, याला भाषा म्हणता येत नाही. बरं, नका म्हणू. बाईही जपूनच बोलायच्या. पण आपण खांदेमळणीला बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावून त्याला जेवायचं आवतण देणारी माणसं ना? मग राघूच्या बाबतीत अचानक एवढे दगड कसे होतो?

6 सप्टेंबर 2007 ला अ‍ॅलेक्स गेला, अवघ्या 31 व्या वर्षी. आदल्या संध्याकाळी बाई निघताना म्हणाला होता, नीट राहा, माझं तुझ्यावर प्रेम आहे. रोजचेच शब्द होते ते, मान्य. पण आपणही घरातून निघताना रोज "येतो" म्हणतो, ते काय खोटं असतं? मोजमापात माया मिसळू नये म्हणून तीस वर्षं त्या बाईनं जीव आवरून धरला होता. तो गेल्यावर बांध फुटला. हे लिहितानाही गळा दाटतोय.

आज्जी बाहेरून आली की आमचा राघू कडी वाजायच्या आत "आली, आली" ओरडायचा. आम्ही पोरं आलो तर ढुंकूनही बघायचा नाही. माणूस ओळखायचा तो!

अ‍ॅलेक्सही पिंजऱ्यातलाच होता, हो. पण त्याच्यावर काठी कुणी उगारली नाही. आणि आपल्याकडे देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाच आहे. ढाबेवाल्याला तसं सांगितलं तर म्हणे, "सगळेच ठेवतात."

ठेवत असतील. उद्या सकाळी मी वनविभागात जाऊन तक्रार देणार आहे. परभणीतलं कुणी सोबत येणार असेल तर सांगा.