घोडं पेंड खातंय ते मीटर रूममध्ये

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्य सरकारला समिती नेमायला सांगितली. मुंबईतून पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने हटवून फक्त सीएनजीच्या आणि विजेच्या ठेवता येतील का, हे तिने तपासायचं. समिती नेमली गेली, चॅनलवर चर्चा झडल्या आणि प्रत्येक चर्चेत दोनच प्रश्न आले: तारीख कोणती आणि गाडी केवढ्याला पडते? माझं म्हणणं असं की हे दोन्ही प्रश्न नंतरचे. रात्री गाडी उभी राहते तिथपर्यंत वायर कशी न्यायची, हा पहिला प्रश्न आहे, आणि तो मंत्रालयात नाही, आपापल्या सोसायटीच्या मीटर रूममध्ये सुटणार आहे.

आधी सीएनजीचं आटपून टाकू. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक सीएनजी गाड्या सुरू होतात पेट्रोलवर, इंजिन तापलं की गॅसवर जातात. म्हणजे टाकीत पेट्रोल असणारच. शिवाय काचेवरचा रंगीत स्टिकर पेट्रोल आणि सीएनजी दोघांनाही फिकट निळाच, डिझेलला तेवढा नारिंगी. चौकातल्या हवालदाराने ‘पेट्रोलची गाडी’ ओळखायची कशी? आणि सगळं शहर एका पाइपावर टांगलं की काय होतं तेही आपण पाहिलंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रॉम्ब्याला आरसीएफ या खत कारखान्याच्या आवारात गॅसच्या मुख्य वाहिनीला इजा झाली आणि रिक्षा-टॅक्सीच्या रांगा पंपाबाहेर रस्त्यावर आल्या. सीएनजी मधला टप्पा म्हणून ठीक आहे, त्यापलीकडे नाही.

आता विजेचं. ‘ही वीजही कोळशाचीच ना?’ हा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. आपल्या ग्रिडमध्ये एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. मध्यम आकाराची गाडी युनिटला ७ किलोमीटर जाते. चार्जिंगमधली गळती धरली तरी किलोमीटरला ०.१२ किलो होतात. पेट्रोलच्या एका लिटरमागे २.३ किलो. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये १२ चं अॅव्हरेज मिळालं तर किलोमीटरला ०.१९. फरक आहे, पण जादू नाही. खरा फायदा नाकाजवळचा: सायनच्या सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचा धूर तिथेच, आपल्या छातीत जातो, तो थांबतो. टायरची आणि बांधकामांची धूळ मात्र विजेच्या गाडीनेही कमी होणार नाही.

सोसायटीत विषय निघाला की सेक्रेटरी म्हणतात, ‘आपला लोड पुरणार नाही.’ म्हणजे इमारतीला मंजूर असलेली वीज कमी पडेल. हा हिशेब कागदावर मांडून बघा. रोज ४० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला गळतीसकट साडेसहा युनिट लागतात. ३.३ किलोवॅटवर दोन तास. बस्स. तीस गाड्यांना प्रत्येकी ७.४ किलोवॅटचा चार्जर देऊन सगळे एकदम चालू केले तर २२२ किलोवॅट होतात, आणि तो आकडा ऐकून कमिटी घाबरते. पण तीस गाड्यांना रात्रभरात मिळून लागतात जेमतेम २०० युनिट. आठ तासांत वाटले तर सरासरी २५ किलोवॅट. एकमेकांशी बोलून करंट वाटून घेणारे चार्जर मिळतात, ‘लोड मॅनेजमेंट आहे का’ एवढं कोटेशन मागतानाच विचारायचं. पहिल्या पाच जणांनी पाच कंपन्यांचे वेगवेगळे डबे लावले की ही सोय कायमची गेली. पुढे सहाव्याला ‘लोड नाही’ म्हणून परत पाठवायचं आणि मग भांडणं. ७.४ किलोवॅटचा चार्जर-बॉक्स घेतलात तरी तो १६ अँपिअरवर सेट करून ठेवा. घरी ‘फास्ट’चा हट्ट कशाला? गाडी रात्रभर तशीही उभीच असते.

मीटरचे दोन मार्ग. मुंबईत बहुतेक इमारतींत फ्लॅटचे मीटर तळमजल्याच्या केबिनमध्येच असतात, त्यामुळे तुमच्याच मीटरच्या आउटगोइंगवरून, म्हणजे मीटरमधून घराकडे जाणाऱ्या जोडणीवरून, पार्किंगपर्यंत केबल ओढता येते. सोपं आणि स्वस्त. अडचण अशी की महिन्याला गाडीचे २०० युनिट घरच्या बिलात मिसळतात. घरचे अडीचशे असतील तर एकूण साडेचारशे, म्हणजे ३०० च्या वरचे दीडशे युनिट महाग स्लॅबमध्ये. दुसरा मार्ग म्हणजे ईव्ही चार्जिंगच्या वर्गातला वेगळा मीटर. केंद्राच्या फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार गाडी चार्ज करण्यासाठी ग्राहकाला स्वतंत्र जोडणी मागता येते, आणि महानगरांत नव्या जोडणीची मुदत ७ दिवसांवरून ३ दिवसांवर आणली आहे. घरचा वापर आधीच जास्त असेल तर वेगळा मीटर परवडतो. वर्षभराची बिलं समोर ठेवून, स्थिर आकार धरून ठरवा.

केबलमध्ये लोक हमखास पैसे वाचवतात आणि तिथेच फसतात. गीझर पंधरा मिनिटं चालतो, एसीचा कॉम्प्रेसर मध्येमध्ये थांबतो. गाडी मात्र १५ अँपिअर तासन् तास, न थांबता ओढते. मीटरपासून पार्किंग ६० मीटरवर असेल आणि वायरमनने नेहमीची अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकली, तर १३ व्होल्ट वायरीतच जिरतात. म्हणजे जवळजवळ सहा टक्के वीज रोज वायर गरम करण्यात. तिथे किमान ४, शक्य तर ६ स्क्वेअर एमएमची आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल हवी. ३२ अँपिअरसाठी ६ ही सुरुवात, अंतर वाढलं की १०. एका ट्रेमध्ये दहा केबल खच्चून भरल्या तर प्रत्येकीची क्षमता उतरते, हेही धरायचं.

सॉकेट वितळल्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. बॅटरीचा त्यात काही दोष नसतो. स्क्रू ढिला, रोज पिन आत-बाहेर करून पत्ती सैल, मग संपर्काच्या जागी उष्णता, उष्णतेने पत्ती आणखी सैल. एक्स्टेन्शन बोर्ड लावला तर विचारूच नका. भिंतीवर कायमचा बॉक्स बसवणं उत्तम. नाहीच जमलं तर चांगल्या प्रतीचं १६ अँपिअरचं सॉकेट, त्याला स्वतःचा २० अँपिअरचा एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), आणि महिन्याभराने स्क्रू परत आवळणं. चार्जिंगच्या तासाभरानंतर प्लगला हात लावा. चटका बसला तर त्या रात्री बंद.

अर्थिंगवर मात्र मी कुणाचंही ऐकून घेणार नाही. जुन्या इमारतीत चार्जरचा लाल दिवा लागतो, ‘अर्थ फॉल्ट’. मग एखादा हुशार वायरमन सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो. दिवा हिरवा, मालक खूश. पुढे कधी न्यूट्रल तुटला की गाडीची अख्खी बॉडी लाइव्ह होते, आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभा माणूस दाराला हात लावतो. त्यामुळे काम संपल्यावर चार्जिंग चालू असताना न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर गेला तर कारण शोधायचं. आणि अगदी शून्य दिसला तर सॉकेट उघडून बघायचं, जोडाजोडी तर केली नाही ना! पार्किंगसाठी वेगळा अर्थ पिट, म्हणजे अर्थिंगचा रॉड पुरायचा खड्डा, करा. भराव टाकलेल्या खाऱ्या जमिनीत रेझिस्टन्स छान कमी येतो, पण जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप लवकर सडतो, म्हणून तांब्याचा थर दिलेला रॉड घ्या आणि दर वर्षी, पावसाळ्यापूर्वी, मोजा.

आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की आपोआप पडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरचा आणि किमान ‘ए’ टाइपचा; चार्जरमध्ये डीसी गळती ओळखून बंद होण्याची सोय नसेल तर ‘बी’ टाइपचा. दुकानदार स्वस्तातला ‘एसी’ टाइप पुढे करतो. गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती झाली तर त्याचा गाभा सॅच्युरेट होतो आणि ऐन वेळी तो पडतच नाही. नुसता शोभेचा. प्रत्येक पॉइंटला वेगळा आरसीसीबी, नाहीतर एकाच्या गाडीने रात्री दोनला सगळ्यांचं चार्जिंग बंद.

बॉक्स जमिनीपासून दीड मीटरवर, पाण्याच्या पाइपाखाली नाही, जिन्याच्या वाटेत तर नाहीच. स्टिल्टमध्ये पाणी शिरणाऱ्या हिंदमाता-कुर्ल्यासारख्या भागात मुख्य आयसोलेटर (सगळ्या चार्जरची वीज तोडणारा स्विच) वॉचमनच्या केबिनजवळ हवा, पाण्यातून चालत जाऊन बंद करायचा नाही. स्टॅक पार्किंगवाल्यांनी, म्हणजे जिथे गाड्या एकावर एक उभ्या राहतात त्यांनी, इलेक्ट्रिक गाडीला खालच्या, रस्त्याच्या पातळीवरच्या जागा अदलाबदल करून द्याव्यात. वर-खाली होणाऱ्या पॅलेटवर लोंबती केबल एक ना एक दिवस चिरडतेच.

आणि ज्यांना पार्किंगच नाही त्यांचं काय? गिरगाव-लालबागच्या रस्त्याकडेला रात्र काढणारी टॅक्सी, टेम्पो? काळी-पिवळी सीएनजीवर गेली तेव्हा चालकाची दिनचर्या बदलली नाही. डिकीत सिलिंडर आला, गॅस पंपावरच मिळाला. विजेत इंधन भरण्याची वेळ आणि जागा दोन्ही बदलतात. दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर करणाऱ्याला फास्ट चार्जरवर पाऊण तास उभं राहणं म्हणजे दोन भाडी बुडणं. बेस्टच्या आगारांत, पालिकेच्या वाहनतळांवर, रात्री स्वस्त दराने चालणारे साधे ३.३ चे पॉइंट शेकड्यांनी लावल्याशिवाय या माणसाला बंदीची तारीख सांगायचा कुणालाही अधिकार नाही.

सोसायट्यांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, नोटीस १४ दिवस आधी निघते. विषयपत्रिकेत ‘इलेक्ट्रिक वाहनांबाबत चर्चा’ असं मोघम लिहू नका, दीड तास बॅटरीच्या आगीवर जाईल आणि चहा येईल. लिहा: ‘मीटर रूम ते पार्किंग सामायिक केबल ट्रे, स्वतंत्र अर्थ पिट आणि लोड मॅनेजमेंटसह चार्जिंगची तीन कोटेशनं मागवण्यास मंजुरी; ट्रे व पिटचा खर्च सोसायटीचा, केबल, बॉक्स व मीटर ज्याचा त्याचा.’