'खरं आहे ना, मग चहाडी कसली?'

ख्रिस्ती कुटुंबांच्या आणि मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: बायबलमधल्या दहा आज्ञांत मनाई आहे ती फक्त खोट्या साक्षीला. खरी गोष्ट सांगणं पाप नाही. प्रार्थनेसाठी सांगितली तर ती सेवाच. येशूनंही परूश्यांना (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथीयांना) चारचौघांत सुनावलं. सत्य ज्यांना झोंबतं तेच त्याला निंदा म्हणतात.

शेवटचं वाक्य म्हणजे मुद्दा नव्हे, तोंड बंद करायची युक्ती आहे. ते सोडून देऊ.

'मनाई फक्त खोट्याला'

निर्गम 20:16 मध्ये खोट्या साक्षीचाच उल्लेख आहे, हे खरं. (कॅथलिक आणि लुथरन मोजणीत ती आठवी आज्ञा, बहुतेक इतर प्रोटेस्टंटांच्या मोजणीत नववी.) पण बायबल तिथं थांबत नाही. लेवीय 19:16 लोकांमध्ये चहाड्या करत फिरायला मना करतं, आणि त्यात खऱ्याखोट्याची अट नाही. तिथला हिब्रू शब्द फेरीवाल्यासाठीच्या शब्दाच्या कुळातला आहे: दारोदार माल फिरवणारा, फक्त माल दुसऱ्याच्या घरातला. नीतिसूत्रे 11:13 म्हणतं, चहाडखोर गुपित फोडतो. आता गुपित फोडायचं तर ते आधी खरं असावं लागतं. खोट्याला गुपित म्हणत नाहीत, थाप म्हणतात.

चर्चचं शिक्षणही हेच सांगतं. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातला परिच्छेद 2477 तीन पापं वेगवेगळी मोजतो: पुरेशा आधाराशिवाय एखाद्याला मनात दोषी ठरवणं, त्याचे खरे दोष योग्य कारणाशिवाय, ज्यांना ते ठाऊक नाहीत त्यांना सांगणं, आणि खोटं बोलून बदनामी करणं. मधलं पाप पूर्णपणे खऱ्या गोष्टीचं आहे. प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या वेस्टमिन्स्टर मोठ्या प्रश्नोत्तरीत 145 व्या उत्तरात या आज्ञेच्या भंगांची लांबलचक यादी आहे. तिच्यात सत्य अवेळी बोलणं किंवा दुष्ट हेतूनं बोलणं हेही बसवलंय. एरवी या दोन घरांचं फारसं पटत नाही.

जाता जाता: आपला कायदाही निव्वळ खरेपणावर सोडत नाही. भारतीय न्याय संहितेच्या अब्रुनुकसानीवरच्या कलम 356 मधला पहिला अपवाद खऱ्या विधानाला संरक्षण देतो, पण ते प्रसिद्ध करणं लोकहिताचं असेल तरच.

'प्रार्थनेसाठीच सांगितलं'

हा मजकुरातला सर्वांत घातक मुद्दा, कारण तो भक्तीचं पांघरूण घेऊन येतो. गटावर संदेश पडतो: 'अमक्यांच्या थोरल्या मुलीसाठी प्रार्थना करा, नाजूक विषय आहे, सविस्तर नंतर सांगते.' यात मागणी किती आणि बातमी किती? देवाला तपशील आधीच ठाऊक आहे. भूक लागते ती वाचणाऱ्यांना. 'एका कुटुंबाला या आठवड्यात तुमच्या प्रार्थनेची गरज आहे' एवढं पुरतं. नाव घालायचं तर आधी त्या व्यक्तीला विचारायचं, आणि कोणते शब्द वापरायचे हेही तिलाच ठरवू द्यायचं.

'येशूनं परूश्यांना सुनावलं'

सुनावलं, पण त्यांच्या उघड वागण्याबद्दल आणि उघड शिकवणीबद्दल. लूक 11 मध्ये तर परूश्याच्याच घरी, त्याच्याच पंगतीला बसून. प्रेषित पौलानं प्रेषित पेत्राला सर्वांसमोर टोकलं (गलती 2), तेही पेत्र यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांची पंगत सर्वांदेखत सोडायला लागला म्हणून. झाकलेल्या दोषाबाबत येशू कसा वागला ते योहान 13 मध्ये पाहा. शिष्य यहूदा आपल्याला दगा देणार हे त्याला ठाऊक होतं, तरी यहूदा उठून बाहेर गेला तेव्हा बाकीच्यांना वाटलं, सणासाठी काही विकत आणायला किंवा गरिबांना काही द्यायला पाठवलं असेल. आणि योसेफ? वाग्दत्त वधू मरीया गरोदर असल्याचं कळल्यावर तिच्याबद्दल त्याचा जो समज झाला त्यावर त्यानं बोभाटा न करता गुपचूप सोडचिठ्ठी द्यायचं ठरवलं. मत्तय 1:19 त्याला नीतिमान म्हणतं, आणि त्याचा समज तर चुकीचाच निघाला.

मग गप्प बसायचं?

नाही. निंदेविरुद्धची वचनं दाखवून तक्रारदाराचं तोंड बंद करणं हा त्याच नाण्याचा दुसरा खोटेपणा. लेवीय 19:16 चा उत्तरार्ध शेजाऱ्याच्या रक्ताबद्दल आहे. ज्यू परंपरेनं त्यातून, शेजाऱ्याचा जीव धोक्यात असताना बघत उभं राहू नये, असा नियम काढला. एकच वचन चहाडी थांबवतं आणि मदतीला धावायलाही लावतं. म्हणून कसोटी अशी: ऐकणाऱ्याला हे कळायची गरज आहे का, आणि तो काही करू शकतो का? हिशेबातली अफरातफर समितीला सांगणं चहाडी नव्हे. मंडळीच्या वडिलांवरचा (म्हणजे पुढाऱ्यावरचा) आरोप दोघातिघांच्या साक्षीनं ऐकावा, असं 1 तीमथ्य 5:19 सांगतं. लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना द्यावीच लागते. पॉक्सो कायद्याचं कलम 19 कोणाला पर्याय ठेवत नाही, पाळकालाही नाही. अशा वेळी 'आधी एकांतात भेटा' म्हणणं हा मत्तय 18 चा सरळ गैरवापर.

एरवीच्या तंट्यात मात्र मत्तय 18:15-17 चा क्रम मोडू नये. आधी दोघांत, समोरासमोर. पाहिलं तेवढंच बोलावं, 'सगळे म्हणतात' हे शब्द टाळावेत. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत न्यावं. सगळं फिसकटतं ते इथं: आपल्या बाजूचे गडी नेले जातात. न्यायचे ते बोलणं ऐकून साक्ष देणारे, दोघांनाही चालतील असे. मंडळीपुढे जायचं ते त्यानंतर. पहिली पायरी गाळून गटावर टाकलं की समोरचा सुधारण्याऐवजी बचावाला लागतो.

बोलून गेलं असेल तर भरपाई हवी. खोटं असेल तर सोपं: जिथं बोललो तिथंच 'ते खोटं होतं' म्हणायचं. खऱ्याचं अवघड, कारण ते खोटं होतं म्हटलं तर नवीन खोटं होतं. धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसनं 13 व्या शतकात हाच पेच घेतला आणि तोडगा दिला: मी वाईट बोललो, त्यांची अन्यायानं बदनामी केली, असं सांगावं. तेही ज्यांना ज्यांना सांगितलं त्या प्रत्येकाला; आणि पुढे पाठवलेल्या संदेशाच्या बाबतीत ते किती जण, हे कुणालाच मोजता येत नाही.