“वय झालं” हा काय आजार आहे?

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. काकूला दवाखान्यात नेलं होतं. चोपन्न वर्षांची बाई. डॉक्टरांनी गुडघ्याला बोटसुद्धा लावलं नाही. मान खाली घालून गोळ्या लिहिल्या आणि म्हणाले, “वय झालं, चालायचंच.” बाहेर आल्यावर काकू म्हणते, “मले साठी तं लागू दे, बाप्पा!”

न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या १०३७ मुलांचा अभ्यास अजून चालू आहे. ती अडतिशीला आली तेव्हा त्यांची मूत्रपिंडं, फुप्फुसं, हिरड्या, रक्त, सगळं तपासलं. कागदावर सगळे ३८ चे. शरीराचं वय मात्र कुणाचं २८, कुणाचं थेट ६१! एकाच गावात, एकाच वर्षी जन्मलेली माणसं. आणि ज्यांचं लहानपण गरिबीत, हाल सोसत गेलं, त्यांची शरीरं जास्त वेगानं झिजलेली.

मग काकूचं काय? शाळेत जायच्या वयात ती निंदणाला जायची. तेव्हापासून दर हंगामात कमरेला झोळी बांधून पऱ्हाटीत वाकलेली. आता उठताना आधी एक हात भुईला, मग दुसरा खाटेच्या माचव्याला, दात घट्ट आवळलेले. ते गुडघे वयानं गेले म्हणता?

दवाखान्यात गर्दी होती, मान्य. वयानं झीज होते, तेही मान्य. पण हात लावून बघायला किती वेळ लागतो?

हार्वर्ड विद्यापीठाचा अभ्यास तर १९३८ पासून चालू आहे. पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची, ते ऐंशीला जास्त धडधाकट निघाले. सुरुवातीला त्यात फक्त पुरुष होते, तेही अमेरिकेतले, ठीक आहे. पण हे वाचताना मला धुऱ्यावर बसून शिदोरी सोडणाऱ्या बायाच दिसल्या. काकूच्या मैतरणी. ती बोलायला लागली की सगळ्या पोट धरून हसतात. गुडघ्यापायी ती आता तिकडं जात नाही. घरात एकटी बसते. गुडघ्यासोबत तिची माणसंही चाललीत, आणि हे कुठल्या चिठ्ठीवर लिहिणार?

आपल्या देशातही २०१७-१८ पासून ४५ च्या पुढच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या, मिळून बहात्तर हजारांवर लोकांच्या तब्येतीची पाहणी सुरू झालीय. म्हणजे म्हातारपण साठीला अचानक येत नाही, हे सरकारलाही कळतं. मग आमच्या बायांनाच का सांगता, चालायचंच म्हणून?

सोमवारी काकूला यवतमाळला हाडांच्या डॉक्टरकडे नेतेय. गाडीत तिघींची जागा आहे. गावातल्या कुणाच्या आईला, मावशीला यायचं असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत सांगा. सकाळी सातला निघू.